पाऊणची रेघ: मोडी ओळखणाऱ्या मॉडेलच्या छाटणीचे एक प्रकरण

बडोद्यातील दांडिया बाजारात एका जुन्या मराठी घराच्या माळ्यावर लाल बासनांत बांधलेल्या हिशेबाच्या वह्या होत्या. बहुतेक वह्या रोजकीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या, आणि सगळ्या मोडीत. घरातल्या आजच्या पिढीला त्यातले एक अक्षर लागत नव्हते. निदान कोणत्या वहीत काय आहे एवढे तरी कुटुंबाला सांगता यावे, या हेतूने आम्ही तिघे एकत्र आलो: या घराशी दूरचे नाते असलेले आणि आयुष्यभर मोडी वाचत आलेले अण्णा, संगणकशास्त्र शिकणारा त्यांचा नातू, आणि मशीन लर्निंगचे काम करणारी मी. घरच्या काकूंची अट एकच होती आणि ती मला पूर्णपणे योग्य वाटली. वह्यांचे फोटो घराबाहेर जायचे नाहीत. ज्यांची देणीघेणी त्या पानांवर आहेत त्यांचे वंशज याच गावात राहतात, त्यामुळे ती पाने कोणाच्याही सर्व्हरवर चढवण्याचा प्रश्नच नव्हता. मॉडेलचे प्रशिक्षण मी त्याच घरात बसून माझ्या लॅपटॉपवर केले. पण रोजचे वाचन अण्णा आणि नातू करणार होते, आणि त्यांच्या हाताशी होता दोन जीबी मेमरीचा एक जुना फोन.

मोडी लिहिणारा आधी शिरोरेघ ओढून घेतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. तो शब्द तोडत नाही, विरामचिन्हे देत नाही, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाही. अशी सलग ओळ यंत्राने आपली आपण वाचावी असा आमचा दावा कधीच नव्हता. एका साध्या प्रोग्रॅमने चिन्हांभोवती चौकटी आखायच्या, चुकलेल्या चौकटी नातवाने बोटाने सरकवायच्या, आणि प्रत्येक चौकटीत कोणते चिन्ह आहे हे मॉडेलने सुचवायचे, इतकेच काम ठरले. चिन्हांचे वर्ग शंभराहून थोडे अधिक झाले. त्यांत मुळाक्षरे होती, काना-मात्रांनी रूप बदललेली अक्षरे होती, अंक होते, ‘मु॥’ आणि ‘रा॥’ यांसारखे संक्षेप होते, आणि हिशेबातील अपूर्णांकांच्या खुणा होत्या. या खुणा पुढच्या सगळ्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी असल्याने त्या येथेच सांगून ठेवते. रुपयांच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच, ५॥। म्हणजे पावणेसहा. रुपयाचे आणे सोळा, तेव्हा प्रत्येक उभी रेघ चार आण्यांची.

मॉडेल म्हणून मी रेसनेट-१८ घेतले, म्हणजे चित्रे ओळखणारे अठरा थरांचे एक तयार न्यूरल नेटवर्क. ते आधी सर्वसाधारण छायाचित्रांवर शिकलेले होते आणि आम्ही त्याला अण्णांनी स्वतः नाव दिलेल्या चिन्हांवर पुढे शिकवले. आमच्या वर्गसंख्येनुसार शेवटचा थर बदलल्यावर त्यात सुमारे १ कोटी १२ लाख वेट्स, म्हणजे शिकताना ठरत जाणारे आकडे, उरतात. प्रत्येक वेट चार बाइटचा, म्हणून फाइल सुमारे ४५ एमबीची. आजच्या फोनला ४५ एमबी म्हणजे काहीच नाही असे कोणी म्हणेल, आणि फाइलपुरते ते खरेही आहे. पण ६४ बाय ६४ पिक्सेलचे एक चिन्ह ओळखण्यासाठी या नेटवर्कला सुमारे १५ कोटी गुणाकार-बेरजा कराव्या लागतात. एका पानावर पाचशे चिन्हे धरली तर तो आकडा ७,५०० कोटींवर जातो. जुना फोन एवढ्याने तापतो, दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून मंदावतो, आणि मेमरी कमी पडली की अॅपच बंद होते. म्हणून छाटणी करायचे, म्हणजे नेटवर्कमधला कमी उपयोगाचा भाग काढून ते हलके करायचे, ठरले.

पहिला प्रयत्न माझा होता आणि तो फसला. तो का फसला हे नीट सांगितले पाहिजे, कारण छाटणीबद्दल वाचून कामाला लागणाऱ्या बहुतेकांचे पाऊल येथेच चुकते. मी पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरमधली छाटणीची सोय वापरून प्रत्येक थरातली किमतीने लहान असलेली बहुतांश वेट्स शून्य केली आणि फाइल जतन केली. ४५ एमबीची फाइल ९० एमबीच्या घरात गेली. नातवाने मला दोनदा विचारले की ताई, उलटा आकडा तर वाचत नाही ना आपण. आकडा बरोबर होता. ही सोय मूळ वेट्स तशीच ठेवते आणि त्यांच्या शेजारी तेवढ्याच आकाराचा शून्य-एकचा मास्क, म्हणजे कोणते वेट ठेवायचे आणि कोणते गाळायचे याचा तक्ता, ठेवते, कारण छाटणी अजून चालू आहे असे ती गृहीत धरते. मास्क कायम करून टाकला की फाइल परत ४५ एमबीवर येते, त्याखाली मात्र जात नाही. कारण शून्य हाही एक आकडा आहे आणि तोही चार बाइट अडवतो. फोनचा प्रोसेसरही शून्याने गुणण्याचे काम निमूटपणे करत राहतो. शून्ये वगळून फक्त उरलेली वेट्स साठवायची तर प्रत्येकासोबत त्याचा पत्ता साठवावा लागतो, आणि विस्कळीत पत्त्यांवरून वेट्स उचलत जाणे साध्या प्रोसेसरला सरळ ओळीने गुणत जाण्यापेक्षा अनेकदा महाग पडते. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या २०२० सालच्या अँपिअर पिढीपासून दर चारांतली दोन वेट्स शून्य असतील तर वेग वाढवणारी सोय चिपमध्येच आली. पण ती त्या चिपपुरती, आमच्या फोनला तिचा उपयोग नव्हता.

या पद्धतीची कीर्ती ज्या आकड्यांवर उभी आहे तेही याच वेळी मी पुन्हा तपासले. सॉन्ग हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अॅलेक्सनेट या चित्रे ओळखणाऱ्या नेटवर्कची ६ कोटी १० लाख वेट्स ६७ लाखांवर आणली, म्हणजे नवव्या हिश्शावर, आणि अचूकता घटू दिली नाही. ते काम मोठेच आहे. मात्र अॅलेक्सनेटची ६ कोटींपैकी सुमारे ५ कोटी ८६ लाख वेट्स शेवटच्या तीन पूर्ण-जोडणीच्या, म्हणजे आधीचे प्रत्येक मूल्य पुढच्या प्रत्येकाशी जोडणाऱ्या, थरांत होती आणि सर्वाधिक कपात तेथेच झाली. रेसनेटमध्ये तसले थर जवळजवळ नाहीतच. एका नेटवर्कचा ‘नऊपट’ हा आकडा दुसऱ्यावर लावणे म्हणजे लठ्ठ माणसाच्या पथ्याने सडपातळ माणसाचे वजन उतरवू पाहणे आहे.

दुसऱ्या प्रयत्नात सुटी वेट्स सोडून आम्ही अख्खे फिल्टर काढायला घेतले. फिल्टर म्हणजे चित्रात एखादी खूण शोधणारा वेट्सचा गट, आणि त्याच्यातून पुढे जाणारे उत्तर म्हणजे त्याचा चॅनल. २०१६ मध्ये हाओ ली व सहकाऱ्यांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे: प्रत्येक फिल्टरमधल्या वेट्सच्या निरपेक्ष किमतींची बेरीज करायची, ज्यांची बेरीज सर्वात कमी ते फिल्टर काढून टाकायचे, आणि मग नेटवर्कला थोडे पुन्हा शिकवायचे. फिल्टर गेला की त्याचा चॅनल जातो, पुढच्या थरातली त्याला जोडलेली वेट्सही जातात, आणि उरते ते लहान पण सलग नेटवर्क. ते कोणत्याही फोनवर खरोखरच कमी जागा आणि कमी वेळ घेते. रेसनेटमध्ये एक अडचण असते. तिचे थर दोन-दोनच्या खंडांत बांधलेले असतात आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी आधीचे मूल्य जसेच्या तसे येऊन मिळते, त्यामुळे खंडाच्या बाहेर जाणाऱ्या चॅनलची संख्या मनाला येईल तशी बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक खंडातल्या पहिल्या थराचे निम्मे फिल्टर आम्ही काढले. त्याने त्या खंडातल्या दोन्ही थरांची वेट्स निम्मी होतात. एकूण वेट्स सुमारे ५७ लाखांवर आली, फाइल २३ एमबीवर, आणि गुणाकारही जवळजवळ निम्मे झाले.

पुन्हा शिकवल्यावर चाचणीतली एकूण अचूकता आधीच्या इतकीच आली. मी समाधानाने फोन अण्णांच्या हाती दिला.

चार दिवसांनी अण्णांनी बोलावले. त्यांच्यासमोर रोजकीर्दीचे एक पान आणि शेजारी फोनने सुचवलेल्या वाचनावरून त्यांनी स्वतः देवनागरीत उतरवलेला तक्ता होता. मोडीचा हिशेब वाचणारा माणूस अक्षरांवर थांबत नाही, तो बेरीज धरतो. पानाच्या तळाशी कारकुनाने लिहिलेली बेरीज आणि वरच्या रकमांची बेरीज जुळली की वाचन बरोबर. येथे ती जुळत नव्हती. “बारा आणे कमी भरतात,” अण्णा म्हणाले. “मागच्या पानावर आठ आणे कमी होते. त्याच्या मागच्यावर चार. अगं, सुट्या आण्यांच्या खुणा आडव्या-तिरप्या असतात, त्या चुकल्या असत्या तर तूट एक, दोन, सात अशी कितीही निघाली असती. ही प्रत्येक वेळी चाराच्या पटीत आहे. कुठेतरी उभी रेघ गळते आहे.” त्यांनी भिंग उचलले आणि एकेका रकमेवरून बोट फिरवत गेले. तिसऱ्या ओळीत ५॥। होते आणि फोनने ५॥ वाचले होते. तशा त्या पानावर तीन जागा होत्या. तीन पाऊण, प्रत्येकी चार आणे, बारा आणे.

त्याच तीन चौकटी मी न छाटलेल्या मूळ मॉडेलला दिल्या. त्याने तिन्ही बरोबर ओळखल्या. म्हणजे ज्ञान होते आणि ते छाटणीत गेले होते. एकूण अचूकतेत ते दिसले नाही याचे कारण साधे आहे. हजार चिन्हांच्या चाचणीत एखादे चिन्ह पाचदाच येत असेल, तर ते पाचही वेळा चुकले तरी एकूण आकडा अर्ध्या टक्क्यानेच खाली जातो, आणि तेवढ्यात दुसरे एखादे वारंवार येणारे अक्षर किंचित सुधारले तर तो अर्धा टक्काही भरून निघतो. आमच्या संचात पत्रव्यवहारातली अक्षरे विपुल होती आणि पाऊणच्या खुणा फारच थोड्या. सारा हूकर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नेमके हेच दाखवले होते: छाटलेल्या नेटवर्कची सरासरी जवळपास तशीच राहते, पण नुकसान सगळ्यांवर सारखे वाटले जात नाही, ते काही थोड्या वर्गांवर आणि विरळ, अवघड उदाहरणांवर एकवटते. हे मी वाचलेले होते. तरीही चाचणीचा निकाल पाहताना मी एकच आकडा पाहिला, आणि ही चूक पूर्णपणे माझी आहे.

पुढचा आठवडा आम्ही निदानाला दिला. रेसनेट-१८ मध्ये खंडांचे चार टप्पे असतात. एका वेळी एकच टप्पा छाटायचा, बाकी नेटवर्क अखंड ठेवायचे, आणि प्रत्येक वर्ग स्वतंत्रपणे मोजायचा, असे ठरवले. शेवटचा टप्पा निम्मा केला तेव्हा पाऊण थोडी ढासळली आणि पुन्हा शिकवल्यावर सावरली. पहिले दोन टप्पे छाटले तेव्हा ती ढासळली आणि सावरली नाही. आमचा निष्कर्ष असा की दोन बारीक रेघांमधली फट पाहण्याचे काम सुरुवातीच्या थरांत होते. या नेटवर्कमध्ये चित्र पहिल्या टप्प्यात शिरण्यापूर्वीच चौथ्या हिश्शाच्या लांबी-रुंदीचे होते, ६४ चे १६ होते. वहीतल्या घट्ट लिहिलेल्या तीन रेघांमध्ये आमच्या चित्रांत तीन-चार पिक्सेलचेच अंतर असायचे, ते तेथे एका घरात मावते. ती फट जपणारे फिल्टर कमी असणार, आणि क्वचितच लागत असल्याने त्यांची वेट्सही लहान राहिली असणार. बेरजेने लहान दिसणारा फिल्टर आम्ही निरुपयोगी समजून काढला. लहान म्हणजे बिनमहत्त्वाचा नव्हे, हा इशारा या विषयाच्या उगमापासून आहे. यान लकन, जॉन डेंकर आणि सारा सोला यांनी १९८९ मध्ये छाटणीवरचा जो पायाभूत निबंध मांडला, त्यात वेटची किंमत न पाहता ते काढल्याने चूक किती वाढेल याचा अंदाज दुसऱ्या विकलजाच्या (डेरिव्हेटिव्हच्या) आधारे घेतला होता. त्यांचे नेटवर्कही हाताने लिहिलेले अंकच ओळखत होते. बडोद्याच्या माळ्यावर बसून ते पुन्हा वाचताना मला फार जवळचे वाटले.

मग मी ते हिशेब मांडून पाहिले जे खरे तर पहिल्या दिवशी मांडायला हवे होते. चारही टप्प्यांना गुणाकार साधारण सारखेच लागतात, आमच्या चित्राच्या आकाराला प्रत्येकी साडेतीन कोटींच्या आसपास. वेट्स मात्र अतिशय विषम वाटलेली आहेत: एकट्या शेवटच्या टप्प्यात सुमारे ८४ लाख, म्हणजे संपूर्ण नेटवर्कच्या तीन-चतुर्थांश, पहिल्या टप्प्यात दीड लाखही नाहीत. म्हणजे पहिल्या दोन टप्प्यांची छाटणी आम्हाला आकारात केवळ सव्वा एमबीच्या थोडे वर मिळवून देत होती. मिळत होता तो वेळ, एकूण गुणाकारांच्या चौथ्या हिश्शाइतका. तो वेळ पाऊणच्या रेघेच्या बदल्यात घ्यावा का, हा प्रश्न मी अण्णांसमोर ठेवला. अण्णांनी वही उघडली, चिकटलेली दोन पाने वेताच्या चपट्या काडीने सोडवली, पान सपाट बसावे म्हणून कडेला वजने ठेवली, आणि मग म्हणाले, “मला एका पानाला एवढा वेळ लागतो. फोन थोडा रेंगाळला तर रेंगाळू दे. रक्कम चुकता कामा नये.”

त्यानुसार तिसरी फेरी झाली. पहिल्या दोन टप्प्यांना हात लावला नाही. शेवटच्या दोन टप्प्यांतले निम्मे फिल्टर काढले, पण एकदम नाही. थोडे काढायचे, शिकवायचे, वर्गवार निकाल पाहायचा, मग पुढचे. कोणते काढायचे हे ठरवण्याची कसोटीही बदलली. पाव्हलो मोल्चानोव्ह व सहकाऱ्यांच्या २०१६ च्या पद्धतीप्रमाणे प्रत्यक्ष उदाहरणे नेटवर्कमधून सोडून, एखादा चॅनल काढल्यास चूक किती बदलेल हे पहिल्या विकलजाने अजमावले. या पद्धतीत एक सावधगिरी लागते आणि तिच्यावर मी मुद्दाम भर देते. महत्त्व उदाहरणांवरून मोजले जात असल्याने उदाहरणांत जे विपुल तेच महत्त्वाचे ठरते. सर्वसाधारण संच दिला असता तर ‘क’ आणि ‘त’ यांनीच पुन्हा कौल दिला असता. म्हणून प्रत्येक वर्गाची सारखी उदाहरणे असलेला वेगळा संच केला. त्यासाठी अण्णांनी इतर वह्यांमधून पाऊणच्या खुणा वेचून दिल्या, त्यांतल्या काही शिक्षणाला वापरल्या आणि काही चाचणीसाठी कुलूपबंद ठेवल्या. पुन्हा शिकवताना मूळ मॉडेलला शिक्षक केले. जेफ्री हिंटन, ओरिओल विन्याल्स आणि जेफ डीन यांनी २०१५ मध्ये मांडलेली ही युक्ती येथे उपयोगी पडली, कारण ‘ही पाऊण आहे’ एवढ्यावर न थांबता ‘ही अर्ध्यासारखी कितपत दिसते’ हेही शिक्षक सांगतो, आणि आमचा सगळा घोळ त्या सारखेपणातच होता. याच आकाराचे नेटवर्क शून्यातून शिकवूनही पाहिले. ते मागे पडले. आमची उदाहरणे थोडी असल्याने ते अपेक्षितच होते. पुरेशी उदाहरणे असतील तेथे हा पर्याय गंभीरपणे घ्यावा, हे झुआंग लिऊ व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलेले आहे.

आता वेट्स सुमारे ६० लाख आहेत. प्रत्येक वेट चार बाइटऐवजी एका बाइटच्या पूर्णांकात बसवल्यावर फाइल सुमारे ६ एमबीची झाली. गुणाकार पाचव्या हिश्शाहून थोडे अधिकच कमी झाले, निम्मे नव्हेत. पण एका बाइटचे पूर्णांक गुणणे फोनला हलके जाते, आणि अॅप बंद पडणे थांबले. एका बाइटवर आणल्यानंतर वर्गवार चाचणी पुन्हा पहिल्यापासून केली, कारण बारीक फरक पुसण्याचे काम ही पायरीही करू शकते. त्या चाचणीत अण्णांनी स्वतः अकरा वर्गांची यादी दिली आहे: तीन अपूर्णांक, आण्यांच्या खुणा, आणि एकमेकांसारखे दिसणारे काही अंक. यांपैकी एकही वर्ग मूळ मॉडेलपेक्षा खाली गेला तर ती छाटणी स्वीकारायची नाही, बाकी आकडा कितीही चांगला असो.

ज्या तीन पानांवर तूट आली होती ती सर्वात आधी वाचली. चार, आठ आणि बारा आण्यांच्या तिन्ही तुटी भरून निघाल्या. काही पानांवर शाई फुटून रेघा एकमेकींत मिसळल्या आहेत. तेथे मॉडेलची खात्री कमी असते, आणि अशा ठिकाणी अंदाज न छापता चौकट रिकामी सोडायची असे नातवाने अॅपमध्ये बसवले आहे. ती चौकट अण्णा भिंगाने भरतात. भरलेली प्रत्येक पाऊण पुढच्या शिक्षणासाठी वेगळी जमा होते. त्यांची संख्या पुरेशी वाढेपर्यंत पहिल्या दोन टप्प्यांना हात लावायचा नाही असे आम्ही ठरवले आहे, आणि सध्या चौथे बासन उघडले आहे.